खेकड्याला नंबर

बायडाबाईला कुणी "दमलीस का गं?" असं विचारलं की तिचं डोकंच फिरतं. विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, हे तिला कळतं. पण म्हणून काय झालं? "दमायला मी काय डोंगर फोडून आले का?" असं म्हणून ती दुधाच्या कॅनचं झाकण असं काही आपटून बसवते की विचारणारा पुन्हा त्या वाटेला जात नाही. खरं तर ती दमलेलीच असते. सकाळी दमलेली उठते आणि रात्री दमलेलीच आडवी होते. पण "दमले" म्हणून सांगावं असं एकच माणूस तिला होतं आणि ते करोनात गेलं. बाकीच्यांना सांगून काय करायचं?

ते माणूस म्हणजे छगन, तिचा नवरा. पारनेर तालुक्यात पवनचक्क्यांच्या अलीकडच्या माळावर दहाबारा घरांची वस्ती आहे. त्या वस्तीचं दूध छगन दोन्ही वेळेला खालच्या डेअरीवर घालायचा. त्याच्याकडे एम-एटी होती, जुनी दुचाकी. दोन्ही अंगाला दोन कॅन, मागं एक आणि मधे छगन. गाडी चालायची कमी आणि ओरडायची जास्त, पण वीसेक वर्षं तिनं एक वेळ चुकवली नाही. कॅन चढवताना एका कडीला छगन असायचा आणि दुसऱ्या कडीला बायडाबाई. "मला पन शिकवा की गाडी," असं ती दर उन्हाळ्यात म्हणायची. "शिकवतो की," असं तो दर उन्हाळ्यात म्हणायचा. शिकवायचं राहून गेलं.

तो गेल्यावर वस्तीच्या दुधाचं काय, हा प्रश्न आला. पोरंटोरं पहाटेच सुप्याच्या कंपन्यांत निघून जातात. डेअरीचा टेम्पो माळावर चढत नाही, कारण वाट म्हणजे नुसता दगडगोट्यांचा खळगा. बायडाबाईनं वस्तीतली एक स्कूटी मागून पाहिली, पण तिला दोन चाकांवर तोल सांभाळता येईना. दोनदा पडली, एकदा कॅनसकट पडली, तेव्हा तिनं कानाला खडा लावला.

त्याच सुमाराला माळावरचं शामकांत सरांचं कृषी पर्यटन केंद्र बंद पडलं. पुण्याचे निवृत्त प्राध्यापक, हौसेनं झोपड्या बांधल्या, झोके टांगले, पण पाण्याचं काही जमेना. केंद्रावर दूध बायडाबाईच द्यायची. निघताना सरांनी सामान विकायला काढलं, त्यात एक यंत्र होतं. चार जाड टायर, मधे घोड्यासारखं बसायचं, गिअर नाही की क्लच नाही, नुसत्या अंगठ्यानं रेस द्यायची. शहरातली पोरं त्याच्यावर बसून माळाला चकरा मारायची. सरांनी ते बायडाबाईला भंगाराच्या भावात देऊन टाकलं. "फक्त रानात चालवा बरं का, रस्त्यावर नाही," असंही ते म्हणाले. निघणाऱ्या माणसाच्या बोलण्याला आपण जशी मान डोलावतो, तशी बायडाबाईनं डोलावली.

एका दुपारीत ती शिकली. मागं लोखंडी जाळी जोडून घेतली, तिच्यात चार कॅन बसले. गुलाबी लुगड्याचा पदर खोचून, डोक्याला टॉवेल गुंडाळून बायडाबाई माळावरून खाली यायला लागली तेव्हा गावानं आधी तोंडाला पदर लावला. कुणीतरी त्या यंत्राला खेकडा म्हणालं आणि तेच नाव पडलं. चार दिवसांत हसणं थांबलं, कारण खेकडा कधी पडत नव्हता आणि दूध वेळेवर येत होतं.

राहिला होता नंबर. आता इथं बायडाबाईची बाजू नीट समजून घ्यायला हवी, नाहीतर तिला लबाड ठरवायला वेळ लागणार नाही. डेअरीत प्रत्येक घराला एक नंबर असतो. तिच्या घरचा सतरा. तो सासऱ्याच्या वेळेपासूनचा. सासरा गेल्यावर सतरा छगनचा झाला, छगन गेल्यावर बायडाबाईचा. मधल्या काळात किती गाई आल्या, किती विकल्या, सतरा तोच राहिला. नंबर घराचा असतो, माणसं आणि जनावरं येतात-जातात, हे ती आयुष्यभर बघत आली होती. मग गाडीचं वेगळं कशाला असेल? एम-एटीची पाटी तिनं छगनच्या तेराव्यालाच काढून ठेवली होती. ती तिनं राखेनं घासली, सुप्याच्या वेल्डरकडे नेली आणि खेकड्याच्या तोंडावर दोन बोल्टांनी बसवून घेतली. वेल्डरही याच भागातला, त्यालाही यात काही वावगं वाटलं नाही.

दोन-तीन वर्षं सगळं बिनबोभाट चाललं. मग यंदाचा उसाचा हंगाम सुरू झाला. उसाच्या ट्रॉल्यांना मागं चमकणाऱ्या पट्ट्या आहेत का, ते बघायला आरटीओचं पथक डेअरीच्या अलीकडच्या रस्त्याच्या मोरीजवळ उभं राहिलं. ट्रॉली काही आली नाही. आला तो खेकडा.

पथकाच्या प्रमुख राजनंदिनी मॅडम, वयानं बायडाबाईच्या लेकीसारख्या. त्यांनी हात केला. "मावशी, गाडी बाजूला घ्या."

"दूध हाय बाई. उशीर व्हतोय."

"एक मिनिट. ही गाडी कुणाची?"

"आमचीच की. नंबर दिसतोय न्हवं?"

मॅडमनी मोबाईलमध्ये नंबर घातला. वाचला, खेकड्याकडे पाहिलं, पुन्हा वाचला. "हा नंबर छगन नावाच्या गृहस्थांच्या एम-एटीचा आहे. दुचाकी."

"मालक हुते माझे. गेले."

"आणि गाडी?"

"ती पन गेली. आता ही हाय."

"मग तिचा नंबर हिला कसा?"

"घरचा नंबर हाय बाई! दुसऱ्याचा लावला असता तर चोरी. आमचा आमी लावला."

शेजारचा शिपाई फिसकन हसला. मॅडम हसल्या नाहीत. नंबर घराला मिळत नाही, मालकालाही नाही, तो गाडीच्या चासीला मिळतो, असं त्यांनी सांगितलं. गाडी मोडली की नंबरही तिथंच संपतो.

"मानसं जात्यात, त्यात नंबर कशाला घालवायचा?" बायडाबाई म्हणाली. "बरं, मंग हिला नवा द्या. मी रांगेत उभी ऱ्हाते."

"हिला मिळतच नाही, मावशी. हिचं पासिंगच होत नाही. बनवणाऱ्यानं ही रानात, खासगी जागेत चालवायला बनवलीय. इंडिकेटर नाही, विमा नाही. उद्या शाळेचं एखादं पोर आडवं आलं, तर त्याच्या आईबापाला तुम्ही काय सांगणार? आणि दुसऱ्या गाडीचा नंबर लावणं हा गुन्हाच आहे."

पोराचं नाव निघालं आणि बायडाबाईचं भांडण तिथंच मिटलं. गेल्या आठवड्यात एक पोर सायकलवरून खरंच आडवं आलं होतं. तिनं खेकडा रस्त्याकडेच्या चारीत घातला म्हणून निभावलं. ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती.

मॅडमनी मागून येणारा एक पिकअप थांबवून दूध डेअरीवर पोचतं केलं. खेकडा जप्त झाला. बायडाबाई मोरीच्या कठड्यावर बसली. तिला राग यायला हवा होता, रडू यायला हवं होतं. तिला हायसं वाटलं. संध्याकाळी खाली यायचं नाही. उद्या पहाटे उठायचं नाही. कंबर मोकळी सोडून ती कितीतरी वेळ समोरच्या ज्वारीकडे बघत बसली आणि मग आपल्याला बरं वाटतंय हे लक्षात येऊन तिची तिलाच लाज वाटली.

बरं वाटणं दोन दिवस टिकलं. मुलाचा, रविराजचा, सुप्याहून फोन आला. "आई, झालं ते बरंच झालं. आता इकडं ये. दोन खोल्या हायेत, नातवाला सांभाळ आन निवांत बस." पोरगा मायेनं बोलत होता. पण निवांत बसणं म्हणजे काय ते बायडाबाईला सुप्यात दिवाळीला कळलं होतं. सकाळी गॅलरीत उभं राहायचं, संध्याकाळी गॅलरीत उभं राहायचं आणि मधे सुनेला विचारून चहा करायचा.

इकडं वस्तीचं वेगळंच. कुणी किटली घेऊन पायी खाली गेलं, कुणाचं दूध उशीर झाल्यानं डेअरीनं परत केलं, कुणी संध्याकाळचं दूध सरळ वासरांना पाजलं. डेअरीचे सचिव काकासाहेब भले माणूस, पण त्यांनीही निरोप धाडला, की दूध असं तुटक येणार असेल तर पुढच्या महिन्यापासून वस्तीचे नंबर बंद करावे लागतील. नंबर बंद म्हणजे गाई विकायच्या. गाई विकल्या की माळावर राहून करायचं काय? एकेक घर खाली उतरणार आणि बायडाबाईलाही गॅलरीत जावं लागणार. दोघीतिघी येऊन तिच्या ओट्यावर नुसत्या बसून गेल्या. तिला ते बोलण्यापेक्षा जड गेलं.

शेवटी ती एसटीनं नगरला गेली. आता जिल्ह्याचं नाव बदललंय, पण कंडक्टरही नगरच म्हणाला. आरटीओ ऑफिसात गर्दी होती, तरी राजनंदिनी मॅडमनी तिला ओळखलं आणि खुर्ची दिली. म्हणाल्या, दंड भरावा लागेल, पण खेकडा सोडता येईल, दोन गोष्टी केल्या तर. तो रस्त्यावर आणणार नाही असं लिहून द्यायचं. आणि जुन्या एम-एटीची नोंद रीतसर बंद करायची, त्यासाठी तिच्या चासीवरचा नंबराचा तुकडा कापून आणायचा.

"अजून चालू हाय ती नोंद?"

"कागदावर आहे. छगन यांच्याच नावावर."

रेशनकार्डावरून छगनचं नाव गेलं होतं, सातबाऱ्यावरून गेलं होतं, डेअरीतून गेलं होतं. इथं तो अजून गाडीचा मालक होता. आणि ते पुसायला तिनंच यायचं होतं.

"बाई, मी रानारानानं दूध आनलं तर?" तिनं विचारलं.

"रान ज्याचं त्याची हरकत नसेल तर माझीही नाही."

"आन डांबरी आडवी येती शेवटाला. पलीकडं डेअरी हाय."

"ती चालत ओलांडा. चालायला नंबर लागत नाही."

एसटीत परत येताना बायडाबाईनं सगळी वाट डोळ्यांपुढं आणली. माळावरून ओढ्यापर्यंत वस्तीचीच रानं, तिथं कुणाची हरकत नव्हती. ओढ्यापासून डेअरीच्या समोरपर्यंत डांबरीच्या कडेनं एकच रान होतं. ते भागवतचं. आणि एम-एटीही भागवतच्याच गोठ्यात होती, असली तर. म्हणजे दोन्ही गोष्टी अडल्या होत्या त्या एकाच माणसापाशी आणि त्या माणसाशी तिचं बोलणं नव्हतं.

भागवत म्हणजे छगनचा धाकटा भाऊ. तेराव्याच्या दिवशी तो म्हणाला होता, "दादाची गाडी मी नेतो." बायडाबाईला वाटलं, झालं, आता ही भंगारात जाणार. ती उठली, पाना घेतला आणि चार माणसांदेखत पाटी खोलून काढली. "न्या गाडी. नंबर घरात ऱ्हाईल," एवढंच म्हणाली. भागवतनं गाडी ढकलत नेली. त्यानंतर त्यानं ओढ्यापाशी बाभळीच्या काटेरी फांद्यांचे फेस टाकून वाट बंद केली आणि दोघांचं बोलणंही तिथंच बंद झालं. का ते कुणीच कुणाला विचारलं नाही. आपल्याकडं असंच असतं, भांडणाला कारण लागतं आणि अबोल्याला तेही लागत नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर ती त्या फेसाजवळ जाऊन उभी राहिली. भागवत कांद्याला पाणी देत होता. त्यानं पाहिलं, खोऱ्यानं पाण्याचं दारं मोडलं आणि सावकाश आला.

"काय काम काढलं वैनी?"

"एम-एटी हाय का इकली?"

फेस बाजूला ओढून भागवतनं तिला आत घेतलं आणि गोठ्यामागच्या छपरात नेलं. ताडपत्री काढली. एम-एटी उभी होती. टायर बसलेले, पण सीट पुसलेली, टाकीवर धूळ नव्हती आणि हँडलला दसऱ्याची झेंडूची माळ वाळून काळी पडलेली. मागं आणखी एक माळ होती, त्याच्या आदल्या दसऱ्याची. बायडाबाई खाली मातीतच बसली.

"मला वाटलं तुमी इकून टाकाल," ती म्हणाली. "नंबर तरी घरात ऱ्हावा म्हनलं."

"दादाची गाडी इकीन व्हय मी?" भागवतचा आवाज चढला आणि लगेच बसला. "चार मान्सांत तुमी नंबर काढून घेतला. घरात ऱ्हाईल म्हनल्या. म्हनलं, बरोबर हाय, आपन घरातले न्हाई."

बायडाबाईनं तोंडात पदर धरला. इतकी वर्षं तिनं या माणसाला मनातल्या मनात भंगारवाला ठरवलं होतं. वेल्डरकडं राखेनं घासून नेलेली ती पाटी तिला आठवली आणि स्वतःची इतकी चीड आली की विचारू नका.

"चुकलं माजं भावजी," ती म्हणाली. "तवा कशाचीच शुद्ध नव्हती मला."

तिनं आपलं काम सांगितलं. तुकडा कापायचा म्हटल्यावर भागवत गाडीच्या आडवा येऊन उभा राहिला. "वाट घ्या माज्या रानातून. हवी तिथून घ्या. गाडी कापू देनार न्हाई."

"मग खेकडा सुटनार न्हाई. वस्तीचं दूध बंद. ह्यांनी वीस वरसं घातलेलं दूध, भावजी."

भागवतनं गाडीच्या सीटवरून एकदा हात फिरवला. मग त्यानं शेजारच्या रानातून ग्राइंडर मागून आणला. माळा काढून त्यानं खुंटीला अडकवल्या. बायडाबाईनं दोन्ही हातांनी हँडल धरलं, गाडी हलू नये म्हणून. छगनच्या मुठीनं रबर जिथं झिजलं होतं, नेमका तिथंच तिचा हात पडला. ठिणग्या उडाल्या, जळक्या रंगाचा वास आला. मधेच ग्राइंडर थांबला. भागवत बाहीनं डोळे पुसत होता.

"डोळ्यात ठिनगी गेली," तो म्हणाला.

"माज्या पन," बायडाबाई म्हणाली. मग दोघंही रडले, मोठ्यानं, कुणाची भीड न धरता. तेराव्याला जे झालं नव्हतं ते आज झालं.

दुसऱ्या खेपेला नगरमध्ये मॅडमनी फडक्यात गुंडाळलेला तुकडा उघडून नंबर जुळवला आणि पाटीही जमा करून घेतली. एके ठिकाणी सही हवी होती. "वाहन आता वापरात नाही, बरोबर?" मॅडमनी विचारलं. "न्हाई," बायडाबाई म्हणाली. तिनं सही केली तेव्हा अक्षर नेहमीपेक्षा वाकडं आलं.

खेकडा टेम्पोत चढवून वस्तीवर आणला. तोंडावर पाटीच्या जागी आता नुसती दोन भोकं होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बायडाबाई चार कॅन घेऊन खाली उतरली तेव्हा गुडघा कुरकुरत होता, पाठ भरून आली होती आणि अंगठा रेस देऊन नेहमीसारखा बधिर झाला होता. काही बदललेलं नव्हतं. ओढ्यापाशी मात्र बाभळीचे फेस नव्हते. भागवतनं कांद्याचा एक वाफा मोडून बांधाच्या कडेनं चाकोरी काढली होती आणि दगड वेचून एका बाजूला लावले होते.

रानाच्या टोकाला डांबरीच्या अलीकडं तिनं खेकडा थांबवला. समोर डेअरी. मधे एवढासा रस्ता, पण कॅन भरलेला, एकटीला उचलत नाही. ती जाळी सोडत होती तेवढ्यात भागवत आला आणि त्यानं पलीकडची कडी धरली. अलीकडची बायडाबाईनं धरली. बऱ्याच दिवसांनी तिच्या खांद्यावर कॅनचं अर्धंच वजन आलं.

उसाची ट्रॉली जाऊ देऊन दोघं रस्त्यात उतरले. मधोमध आल्यावर भागवतनं तिच्याकडं पाहिलं.

"वैनी, दमलात व्हय?"

आपटायला झाकण हाताशी नव्हतं. दोन्ही हात कडीला होते.

"लई दमले, भावजी," बायडाबाई म्हणाली. "लई म्हंजी लई दमले."

"ठेवू का जरा खाली?"

"भर रस्त्यात कुठं ठेवता? चला. अजून तीन हायेत."